अभिलेख, माध्यमं आणि सांस्कृतिक स्मृती : मराठवाड्यातून या क्षेत्रात येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.ए.च्या प्रवेशाचे दिवस आले की विभागात तेच तेच प्रश्न येतात. काही विद्यार्थ्यांचे, काही त्यांच्या वडलांचे, काही गावाकडून पिशवीत जुने कागद घेऊन आलेल्या मंडळींचे. मी हा विषय मराठवाड्यात शिकवते, त्यामुळे उत्तरंही इथलीच आहेत.

हा विषय म्हणजे इतिहासच ना?

इतिहासाचा सख्खा शेजारी म्हणा. इतिहासाचा अभ्यासक कागद वाचून भूतकाळ मांडतो. आम्ही आधी कागदाचीच चौकशी करतो. हा कुणी लिहिला, कुणी जपला, कुणाचा कागद जपला गेलाच नाही, आणि जे कागदावर आलं नाही ते लोकांनी कशात साठवून ठेवलं?

१९७२ चा दुष्काळ घ्या. सरकारी फायलीत पाझर तलाव, नालाबांध, मजुरांची हजेरी आणि मंजूर रकमा सापडतात. वर्तमानपत्रात मंत्र्यांचे दौरे सापडतात. आणि तेव्हा खडी फोडायला गेलेल्या बाईला विचारलं, तर ती कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडी या कोरड्या खाऊबद्दल बोलते, लाल मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल बोलते, कडेवरचं पोर झाडाखाली ठेवून काम केल्याचं सांगते. तिन्ही खरं आहे. पण ही तिन्ही एका ठिकाणी कुणी ठेवलेली नाहीत. ती एकत्र आणणं, आणि ती वेगळी का पडली हे सांगणं, हा या विषयाचा गाभा.

पदवी कशाची असावी?

इतिहास, मराठी, पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र, समाजशास्त्र, यातलं काहीही चालतं. नेटच्या, म्हणजे प्राध्यापकपदाच्या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेच्या, विषयांत ‘अभिलेखशास्त्र’ असा स्वतंत्र विषय नाही. म्हणून एम.ए. ज्या विषयात केलं त्यातच नेट किंवा राज्याची सेट द्यायची आणि संशोधन या बाजूला वळवायचं, हा रुळलेला रस्ता. संग्रहालयशास्त्र आणि लोकसाहित्य हे मात्र नेटचे विषय आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. कागद हाताळण्याचं रीतसर शिक्षण हवं असेल तर दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे.

मोडी आणि उर्दू खरंच शिकावी लागते का? इंग्रजीवर भागत नाही का?

नाही भागत. यावर मी कुणाशी तडजोड करत नाही.

पुण्याच्या अभ्यासकाचं काम मोडी आणि इंग्रजीवर बरंचसं निभतं, कारण तिथे पेशवाईनंतर इंग्रजांचं राज्य आलं. आपल्याकडे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. दरबाराची भाषा आधी फारसी होती, १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. तहसील, पोलीस, कोर्ट, शाळा, सगळ्यांचा कारभार उर्दूत. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतून होतं. खाली गावपातळीवर कुलकर्ण्याचं दप्तर मोडीत. म्हणजे एकाच शेताचा एक कागद उर्दूत आणि दुसरा मोडीत, आणि दोघांत नावाचं स्पेलिंगच नव्हे, कधी कधी गावाचं नावही वेगळं.

आपल्या पिढीत एक विचित्र गोष्ट झाली आहे. उर्दू ही ‘त्यांची’ भाषा म्हणून मराठी घरांतून बाहेर पडली. पण तुमचे पणजोबा शिकलेले असतील तर बहुधा उर्दूतच शिकले असतील. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी होते. फारसी-उर्दूवर प्रभुत्व असल्यामुळेच त्यांना मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधनं मराठीत आणता आली. आज विद्यापीठातून इतिहासाचे विद्यार्थी बाहेर पडतात आणि आपल्याच आज्याचा कागद वाचून घ्यायला शहागंजात कुणाला तरी शोधत फिरतात. मराठवाड्याचा अभ्यासक व्हायचंय आणि उर्दू नको, असं म्हणणाऱ्याला मी दुसरा विषय सुचवते.

किती दिवसांत येतात?

मोडीची अक्षरओळख पंधरवड्यात होते. वाचन मात्र रोज पान-दोन पान केलं तर सहा महिने ते वर्ष घेतं, कारण लेखक बदलला की वळण बदलतं. पुराभिलेख संचालनालयाचे आणि काही महाविद्यालयांचे मोडीचे वर्ग असतात, शुल्क किरकोळ असतं. छापील उर्दू त्याहून लवकर येते. हस्तलिखित सरकारी उर्दू शिकस्ता वळणाची असते, म्हणजे नुक्ते गायब आणि अक्षरं एकमेकांत गुंतलेली. तिथे जाणत्या माणसाशेजारी बसण्याला पर्याय नाही.

मराठवाड्याचे कागद आहेत तरी कुठे?

मुख्य साठा हैदराबादेत. तारनाक्याला तेलंगणा राज्य अभिलेखागार आहे, तिथे मोगल काळापासूनचे आणि आसफजाही, म्हणजे निजामांच्या, राजवटीचे कागद आहेत. १९५६ साली राज्यं भाषेप्रमाणे वेगळी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण राजधानीतले कागद राजधानीतच राहिले. म्हणून आपला संशोधक रात्रीच्या गाडीने हैदराबादला जातो, मुंबईला नाही.

बाकीचं विखुरलेलं. जिल्हाधिकारी कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत, भूमी अभिलेखच्या रेकॉर्डरूममध्ये, देवस्थानांत, दर्ग्यांची गादी चालवणाऱ्या सज्जादानशीनांकडे, महानुभावांच्या मठांत, पैठणच्या आणि तेरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयांत, विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात. आणि सगळ्यात जास्त लोकांच्या घरांत. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, कापडावर लिहिलेला ग्रंथ. तो कुठल्या अभिलेखागारामुळे नाही, तर पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी जपल्यामुळे टिकला आहे.

शोधायला जाण्याआधी दोन गोष्टी वहीत लिहून घ्या. एक, जुन्या कागदात आजचे जिल्हे शोधू नका. निजामाच्या काळात मराठवाड्याचे जिल्हे पाचच होते. जालना १९८१ साली झाला, लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून निघाला, हिंगोली १९९९ साली परभणीतून. लातूरचा विद्यार्थी ‘लातूर जिल्हा’ असं मागणी-पत्रकात लिहितो आणि ‘उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. दोन, तारखा फसली सनात असतात. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतं. वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं आणि महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी इराणी असतात. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८, संस्थान भारतात विलीन होतानाची सगळी धामधूम याच एका वर्षात. हे माहीत नसलं तर फाईल हातात असूनही ती कशाची आहे हे कळत नाही.

यात माध्यमांचा काय संबंध?

वर्तमानपत्र, रेडिओ, कॅसेट, लग्नाची व्हीएचएस, व्हॉट्सॅपवरचा व्हिडिओ, ही सगळी स्मृती साठवण्याची साधनं आहेत, आणि प्रत्येकाची खोड वेगळी.

नामांतराचं उदाहरण मी दरवर्षी शिकवते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांचा इतिहास फक्त त्या वेळच्या दैनिकांच्या फायलींवरून लिहिला, तर दंगली, मोर्चे, पुढाऱ्यांची निवेदनं एवढंच हाती लागतं. त्याच काळातली पत्रकं, जलशांच्या गाण्यांच्या वह्या, गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’सारखी नियतकालिकं आणि शाहिरांच्या कॅसेट शेजारी ठेवल्या की वेगळंच चित्र दिसतं. कुणाची घरं जळाली हे वर्तमानपत्रात संख्येने येतं, गाण्यात नावाने येतं.

कॅसेटची अवस्था फार वाईट आहे. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून तुटतो, पण तुकडा तरी हातात राहतो. चुंबकीय फितीला बुरशी लागली आणि ती वाजवायचा प्लेअरही नसला, की संपलंच. माझ्या मते पुढची काही वर्षं पोथ्यांपेक्षा कॅसेटकडे आधी धावायला हवं. हे म्हटलं की जुन्या वळणाचे सहकारी रागावतात.

‘सांस्कृतिक स्मृती’ हा शब्द फारच जड वाटतो. सोपं करून सांगाल का?

फ्रान्सच्या मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२० च्या दशकात मांडलं की माणूस एकट्याने आठवत नाही, कुटुंब, जात, गाव, धर्म अशा गटांच्या चौकटीत आठवतो. पुढे जर्मनीच्या यान आणि अलाइडा आस्मान यांनी त्यात भेद केला. एक स्मृती बोलण्यातून चालते. आजा नातवाला सांगतो. तिचं आयुष्य ऐंशी ते शंभर वर्षं, तीन-चार पिढ्या. त्यानंतर जे उरतं ते पुतळा, उत्सव, पाठ्यपुस्तक, स्मारक यांत गोठवलेलं असतं. ती सांस्कृतिक स्मृती.

आता हे आपल्याकडे लावून बघा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदी ओलांडून गेलाय. म्हणजे ‘रझाकारी’, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा तो काळ, आपल्या डोळ्यांदेखत पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात चालली आहे. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, स्वामी रामानंद तीर्थांना अभिवादन होतं, संस्थानाच्या सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पांच्या गोष्टी सांगितल्या जातात. ते व्हायलाच हवं. सत्याग्रह केलेल्या, तुरुंग भोगलेल्या, रझाकारांनी ज्यांची गावं लुटली त्या माणसांचं ते देणं आहे. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या अर्जांना जोडलेली प्रतिज्ञापत्रं हा तर साक्षींचा मोठा साठा आहे, आणि त्याकडे संशोधक अजून पुरेसे वळलेले नाहीत.

पण त्याच काळाची दुसरी आठवण मुसलमान घरांत ‘पुलिस ॲक्शन’ या नावाने राहते आणि झेंडावंदनाला ती येत नाही. पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून, कारवाईनंतर झालेल्या हत्यांचा अहवाल सरकारला दिला. तो कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून त्यात जे चार जिल्हे नोंदले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. एका आठवणीला चौक मिळाला, दुसरीला घरातलं माजघर. वर्गात हे शिकवताना आवाज चढतात. चढू दे. फक्त बोलणाऱ्याने आधी दोन्हीकडचा एकेक कागद वाचलेला असावा, एवढी अट मी घालते.

लोकांच्या घरी जाऊन आठवणी, कागद कसे मिळवायचे?

ओळखीने. पत्र पाठवून कुणी दार उघडत नाही. गावातले गुरुजी, ग्रंथपाल, पोस्टमन, यांच्यापैकी कुणी सोबत असलं की पहिला चहा होतो. पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढूच नये.

परभणीकडच्या एका वाड्यात आजोबांनी लाकडी पेटी उघडली ती आठवते. वर नातवाचे मार्कमेमो, त्याखाली विजेची बिलं, त्याखाली लाल मांजरपाटाचा रुमाल, आणि रुमालात मुंतखबाची, म्हणजे इनामाच्या सरकारी दाखल्याची, घडी. घडीच्या रेषांवर कागद काचेसारखा झालेला. मी हात पुढे केला तसे ते म्हणाले, “बाई, न्यायचं नाही हं. इथं बसून काय काढायचं ते काढा.” मग खिडकीखाली पाट मांडला, त्यावर पांढरी चादर, आणि मोबाइल दोन पुस्तकांच्या थप्पीवर आडवा. आजोबा शेजारी बसून प्रत्येक फोटोनंतर विचारत होते, “आला का?” सुनेनं दुपारी जेवायला बसवलं. त्या जेवणात जे कळलं, म्हणजे इनाम कुठल्या भावाकडे गेलं, कुणाशी बोलणं बंद आहे, ते त्या कागदात नव्हतं.

नियम साधे. कागद घरातच राहतो. फोटोंची एक प्रत घरच्यांना मिळते. काय छापणार हे आधी सांगायचं. ‘हे लिहू नका’ म्हटलं तर लिहायचं नाही, मग तो कितीही मोठा शोध असो. जमिनीचा वाद चालू असेल तर दुप्पट सावध.

आमच्या घरी जुने कागद आहेत. काय करावं?

आधी काय करू नये ते सांगते. लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिचा गोंद कागद खातो. उन्हात वाळत घालू नका. शाईवर पुन्हा पेन फिरवू नका; हे लोक प्रेमाने करतात आणि कागद संपवतात.

टाचण्या, पिना, रबर काढा. मऊ ब्रशने धूळ झटका. घडी जबरदस्तीने उलगडू नका. पावसाळी हवेत कागद जरा नरम पडतो तेव्हा बघा. धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा, पण बाहेरच्या भिंतीला लागून आणि जमिनीवर नाही, कारण वाळवी तिथूनच येते. वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, फक्त ती कागदाला चिकटून नको. फोटो फ्लॅशशिवाय, खिडकीच्या उजेडात, आणि मागच्या बाजूचाही. शेरे बहुतेक मागेच असतात.

एकदा स्कॅन केलं की झालं ना?

नाही. ‘आयएमजी_२०२३’ नावाच्या चार हजार फायली म्हणजे पुन्हा एक बंद पेटीच. गाव, कुटुंब, फसली सन, लिपी, कुणी दाखवला, एवढं तरी प्रत्येक कागदापुढे लिहा. साध्या एक्सेलमध्ये लिहा, चालेल. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि मूळ कागद स्कॅननंतर रद्दीत घालणाऱ्या कार्यालयांना आवरा.

कुणबी नोंदींमुळे या विषयाला मागणी आली म्हणतात. खरं आहे?

बऱ्याच अंशी. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन नोंदी शोधायला सुरुवात झाली. तेव्हा तहसीलींना पहिल्यांदा उमगलं की आपल्याच कपाटातले मोडी-उर्दू कागद वाचायला आपल्याकडे माणूस नाही. मोडी वाचणाऱ्या निवृत्त गुरुजींना गाड्या पाठवून बोलावलं गेलं. सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेटियर’ हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला.

माझ्याकडेही लोक कागद घेऊन येतात. मी आहे तसं वाचून दाखवते. जे नाही ते वाचत नाही, आणि आहे ते गाळत नाही. आरक्षणावर माझं मत विचारू नका. दाखला देणं न देणं हे माझं काम नव्हे. विद्यार्थ्यांना मात्र सांगते की या मागणीच्या भरवशावर करिअर मांडू नका. हंगाम सरला की गाड्या येणं बंद होतं.

नोकरी लागते का? खरं सांगा.

कायमची जागा अवघड आहे. एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०), नेट किंवा सेट, की सहायक प्राध्यापकपदाला पात्र. सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो. पण पात्र असणं आणि नेमणूक होणं यात आपल्याकडे बरीच वर्षं जातात. अनेक जण तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयं धरून, एसटीचा पास काढून दिवस काढतात, आणि मानधन महिनोन्‌महिने येत नाही. संस्थेत जागा निघाली की कुजबुजीत आकडे ऐकू येतात, हेही पालकांना ठाऊक असतं. ते माझ्याकडून ऐकायचं असतं म्हणून विचारतात.

त्यातल्या त्यात शहाणपणाची वाट म्हणजे जेआरएफ, नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती. महिना ३७,००० रुपये, तेही पीएचडी करताना. वयाची अट तीस, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना सवलत. म्हणून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच तयारी करा.

शिकवण्याबाहेरही कामं आहेत. पुराभिलेख आणि संग्रहालयांची पदं, डिजिटायझेशन प्रकल्प, अशोका आणि अझीम प्रेमजी विद्यापीठांची किंवा बेंगळुरूच्या एनसीबीएस या विज्ञानसंस्थेची अभिलेखागारं. तिथे मुलाखतीत उर्दू-मोडी येते म्हटलं की समोरचे खुर्चीत सरळ होतात.

पीएचडीला विषय कोणता घ्यावा?

लहान. ‘मराठवाड्यातील स्मृती आणि माध्यमे : एक अभ्यास’ असलं काही घेऊन आलात तर परत पाठवीन. तालुक्याच्या फोटो स्टुडिओतल्या निगेटिव्ह. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या ५२ गावांपैकी दोन गावं, आणि तिथले लोक जुन्या गावठाणावर अजून कशासाठी जातात. बीडच्या ऊसतोड मजुरांनी कारखान्यावरून गावी पाठवलेले व्हिडिओ. जात्यावरच्या ओव्या : हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी लाखाच्या घरात जमवल्या, आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ऐकता येतात, माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्यांसह. त्या गाणाऱ्या बायकांच्या नाती आज काय गातात, हा एक अख्खा प्रबंध आहे.

मुलीला इतकं फिरावं लागेल का?

लागेल. हैदराबादला मुक्काम, खेड्यात एसटी. पण घराच्या आत, चुलीपाशी बसून जे ऐकायला मिळतं ते मुलांना मिळत नाही. आमच्याकडचं उत्तम मौखिक काम मुलींनीच केलंय.

आता एआय मोडी वाचेल. मग आम्ही कशाला शिकायची?

मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, स्वच्छ अक्षर यंत्र हळूहळू वाचू लागेल, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण यंत्राला शिकवायला हजारो पानं आधी कुणी तरी वाचून द्यावी लागतात. शिकस्ता उर्दू आणि घाईत लिहिलेली मोडी त्याला अजून झेपत नाही. शिवाय चूक वाचली तर ती पकडणार कोण?

सुरुवात कुठून करू?

घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडून. त्यांना शाळेत कुठली भाषा होती, एवढंच विचारा आणि फोन रेकॉर्डिंगवर ठेवण्याआधी परवानगी घ्या. मग शनिवारच्या मोडीच्या वर्गाला नाव घाला. उर्दूसाठी गल्लीतल्या एखाद्या निवृत्त मौलवी-मास्तरांना गाठा. ते फी घेत नाहीत, पण रोज यायला सांगतात.